मोठेपणीचा एडीएचडी अन् शेतीची कामं: गावात राहून रोजचा दिवस कसा लावता?

वावरवाला_आर्णी

नमस्कार मंडळी. वय ३५, यवतमाळ जिल्हा, सहा एकर वावर, पऱ्हाटी (कापूस), तूर अन् थोडं सोयाबीन. मागच्या हिवाळ्यात मानसोपचार डॉक्टरनं एडीएचडी (लक्ष टिकवणं अन् कामं वेळेवर करणं जड जाते, अशी मेंदूची अडचण) असल्याचं सांगितलं, ॲटोमॉक्सेटिनची गोळी सुरू आहे. डोक्यातला कलकलाट बराच कमी झाला हे खरं, पण गोळी काही माझी कामं करून देत नाही, ते तं मलेच करा लागते.

वावरातलं काम मले जड नाही. डवरणी असो का सोंगणी, एकदा लागलो की संध्याकाळपर्यंत भुकेची आठवण नाही राहत. अडते ते बारक्या कामांत, जे कोणी समोर उभं राहून मागत नाही त्यात. ई-पीक पाहणीचे फोटो टाकायचे, सोसायटीचं कर्ज मार्चच्या आत नवंजुनं करायचं, मोटरचं स्टार्टर दुरुस्तीले न्यायचं, वेचणीवाल्या बायांचा हिशोब, पोराच्या शाळेचे कागद. सकाळी हे सगळं डोक्यात असते अन् वावरात पाय ठेवला की पुसून जाते, परत आठवते तेव्हा कार्यालय बंद झालेलं असते.

व्हिडिओ लय पायले. त्यात टेबल असते, रंगीत वह्या असतात, लॅपटॉपवर कॅलेंडर असते. इथं फोनले रेंज येते ती विहिरीपाशीच, बाकी दिवसभर तो पन्नीत गुंडाळून बंडीत पडलेला. शेतीची लाइन (वीज) एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री, मंग रोज एकाच टायमाले उठा झोपा हे पाळायचं कसं? कितीही चांगलं टाइमटेबल काढा, रात्रीची लाइन आली की मोडते.

अजून एक गोष्ट, तिची मले खरी भीती वाटते. फवारणी करताना मधात कोणी हाक मारली की या पंपात औषध टाकलं का नाही हे नक्की सांगता येत नाही. २०१७ मधे आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, त्यामुळं हे हलक्यात घेता येत नाही. बाबा म्हणतात लहानपणापासून याचं ध्यानच नाही. बायको सगळं सांभाळून घेते, पण तिच्यावर किती टाकायचं. तुमच्यापैकी कोणाले एडीएचडी असेल अन् तुम्ही खेड्यातच राहत असाल तं काय केल्यानं जमलं ते सांगा. शहरातल्या ॲपची नावं नका सांगू.

आशाताई_घाटंजी

भाऊ, मी आशा सेविका आहे अन् मलेही एडीएचडी आहे, दुसऱ्या बाळंतपणानंतर निदान झालं. बायांचं लवकर लक्षात येत नाही कारण आपण वर्गात बाकावरून उठून पळत नाही, सगळी पळापळ आतल्या आत असते. वरून घरातल्या सगळ्यांच्या वस्तू, औषधं, सणवार, पाहुणे हे बाईनंच ध्यानात ठेवायचं असं धरलेलं असते, मंग जिला तेच जड जाते तिले लोक सरळ आळशी म्हणतात. याचं मले फार वाईट वाटते. आपल्या गावातल्या कितीतरी पोरी हेच ऐकत मोठ्या झाल्या अन् त्यांले कधी कोणी डॉक्टरकडे नेलंच नाही.

आता कामाचं. आमच्या कामात नवजात बाळाच्या घरी भेटी द्याव्या लागतात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा अन् बेचाळिसावा दिवस. एका महिन्यात गावात तीन चार बाळंतिणी असल्या की प्रत्येकीच्या तारखा वेगळ्या, आज कोणाच्या घरी कितवा दिवस हे डोक्यात धरून चालणं मले शक्यच नाही अन् आता मी तो प्रयत्नही करत नाही. बाळ जन्मल्याची खबर आली की चप्पल पायातच असताना भिंतीवरच्या कालनिर्णयवर साही तारखा टाकते, त्या घराचं नाव लिहून. नंतर लिहीन असं नाही, तेव्हाच. कॅलेंडर घरात एकच अन् जेवतो त्याच्या समोरच्या भिंतीवर. पहिले मी डायरीत पण लिहायची, फोनमधे पण लिहायची, अन् तीन ठिकाणी अर्धं अर्धं राहायचं.

बॅगेचंही तसंच. वजनकाटा, थर्मामीटर, रजिस्टर हे बॅगेतच राहतात, बाळाचं वजन झालं की त्याच घरात बसून परत बॅगेत. बॅग दाराच्या खिळ्याले अडकवलेली, ती घरात आत जातच नाही.

तुम्ही म्हणता फोनले रेंज फक्त विहिरीपाशी. मले तर वाटते हे तुमच्या फायद्याचं आहे. फोनची जेवढी कामं आहेत, बँकेचा मेसेज, लाइन बिल, कृषी सहायकाले फोन, ती सगळी विहिरीचीच कामं असं ठरवा. विहिरीवर गेलं की पाणी प्यायचं अन् फोन काढायचा. मोटरच्या पेटीच्या दरवाजावर आतून एक कागद चिकटवा अन् त्यावर फक्त फोनची कामं लिहा. स्टार्टर चालू करायले पेटी तं उघडाच लागते, कागद आपोआप दिसतो.

मोटर_रिवाइंडिंग_हिंगणघाट

ताईंचं बरोबर आहे. फक्त फोनच्या बाबतीत माझा अनुभव उलटा आहे. मी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, एडीएचडी आहे, फोन हातात घेतला बँकेच्या कामासाठी की दहा मिनिटांनी मी दुसरंच काहीतरी पाहत असतो अन् बँकेचं काम तिथंच राहते. म्हणून दुकानात दरवाजाच्या मागच्या बाजूले काळा रंग मारून घेतला, त्यावर खडूनं लिहितो. एका टायमाले फक्त तीन मोटरी उघडायच्या, चौथी कितीही घाईची असली तरी पहिली बंद होऊन गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत खोलायची नाही, कारण मले सुरू करणं सोपं जाते अन् संपवणं अवघड जाते. सुरुवातीले गिऱ्हाईक नाराज झाले, आता त्यांनाच पटते कारण सांगितलेल्या दिवशी मोटर मिळते. प्रत्येक मोटरीले तारेनं पत्र्याचा तुकडा बांधलेला असते, त्यावर नाव, गाव अन् काय बिघाड ते.

तुमच्या वेचणीच्या हिशोबाबद्दल सांगतो कारण आमच्या घरीही पऱ्हाटी आहे. वेचणी किलोवर असते, संध्याकाळी काट्यावर मोजमाप होते, अन् घोळ होतो तो काटा ते घर या मधल्या रस्त्यात. वही काट्यालेच सुतळीनं बांधून टाका, पेनही बांधा, वजन झालं की त्या बाईच्या समोर लिहायचं अन् तिलेच मोठ्यानं वाचून दाखवायचं, म्हणजे चुकलं तर ती तिथंच सांगते. वही घरी न्यायचीच नाही. पैसे आठवड्यानं देत असाल तरी वही काट्यापाशीच. त्या बायांचा घामाचा पैसा आहे, त्यात आपल्या विसरण्याचा त्रास त्यांले व्हायले नको, म्हणून मी तरी बाकी सगळ्याच्या आधी हे एक काम पक्कं केलं.

फवारणीचं म्हणाल तर खडे ठेवा. आज जितके पंप मारायचे तितके खडे ड्रमच्या एका बाजूले मांडा. पंपात औषध टाकलं की झाकण लावायच्या आधी एक खडा पलीकडे सरकवा. मधात कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, खडा सरकला की मंग बोला. तरीबी शंका आलीच, खडा सरकला की नाही कळत नाही, तर अंदाजानं दुसऱ्यांदा औषध टाकू नका, कमी गेलेलं परवडते. हातमोजे अन् मास्क धुवून वाळले की एका पन्नीत घालून ती पन्नी पंपाच्या पट्ट्याले बांधून ठेवा, पंप उचलला की ते हातात येते.

अजून एक. एकट्यानं कागदपत्राचं काम होत नसेल तर दुसरं माणूस जवळ ठेवा. त्यानं काही करायचं नसते, फक्त बसायचं. माझा जीएसटीचा हिशोब शेजारचा टेलर दुकानात येऊन बसला तरच होतो, तो त्याची काजं करते अन् मी माझे बिलं लावतो. काहून होते ते मले माहीत नाही पण होते.

समुपदेशन_वर्धा

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते. वर ताईंनी आणि दादांनी जे सांगितलंय ते कुठल्याही पुस्तकापेक्षा कमी नाही. टेलरजवळ बसून काम होणं याला इंग्रजीत बॉडी डबलिंग म्हणतात, खूप जणांना उपयोग होतो. रसेल बार्कले नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आयुष्यभर एडीएचडीवर काम केलं, त्यांचं म्हणणं असं की काय करायचं हे या माणसांना माहीत असतं, अडचण येते ती माहीत असलेलं त्या वेळी त्या जागी करण्यात. म्हणून आठवण डोक्यात ठेवायची नाही, जिथे काम होतं तिथे ठेवायची. काट्याला बांधलेली वही म्हणजे नेमकं तेच आहे. त्यामुळे "जरा मन लावून कर" या सल्ल्याचा उपयोग होत नाही, आणि तुमच्या वडिलांनाही हे कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं, शक्य असेल तर पुढच्या वेळी त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या.

टाइमटेबलबद्दल. घड्याळाला काम बांधू नका, दुसऱ्या घटनेला बांधा. "सात वाजता गोळी" असं ठरवलं तर रात्रीच्या लाइनच्या आठवड्यात ते मोडणारच. "उठल्यावर पहिलं खाणं झालं की गोळी" हे दोन्ही आठवड्यांत चालतं. अमुक झालं की तमुक करायचं असं आधीच ठरवून ठेवलं की काम होण्याची शक्यता वाढते, यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांचं १९९० च्या दशकापासूनचं संशोधन आहे.

औषधाबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण इथे खूप गैरसमज दिसतात. ॲटोमॉक्सेटिन हळू चढतं, पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून स्वतःच्या मनाने सोडू नका. भूक कमी होणं, तोंड कोरडं पडणं, मळमळ, नाडी आणि बीपी वाढणं असं होऊ शकतं, तपासणीच्या वेळी ते डॉक्टरांना सांगा. दुसरं औषध मेथिलफेनिडेट, ते लवकर काम करतं पण त्यावर सरकारी नियंत्रण आहे, प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय तर नाहीच. त्यामुळे दोन्ही बाबतीत गोळ्या संपायच्या आधी दहा दिवस हालचाल करावी लागते. आणि नेमकं हेच काम एडीएचडीवाल्याकडून राहतं! स्ट्रिप आणली की शेवटच्या दहा गोळ्यांच्या मागे पेनाने रेघ मारून ठेवा, रेघ आली की त्याच दिवशी घरात सांगायचं.

रात्री ओलीत करायला जाणाऱ्यांसाठी झोप हा मोठा प्रश्न आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. झोप तुटली की लक्ष लागणं सगळ्यांचंच कमी होतं, एडीएचडी असेल तर आणखी. त्या आठवड्यात पैशाची, कागदाची, फवारणीची कामं ठेवू नका, एवढं तरी नक्की करता येतं. आणि खर्रा. निकोटीनने थोडा वेळ लक्ष लागल्यासारखं वाटतं म्हणून एडीएचडी असलेले बरेच जण तंबाखूकडे ओढले जातात. खर्रा खात असाल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, ते रागावण्यासाठी विचारत नाहीत.

जे हे वाचून स्वतःला ओळखू पाहताहेत त्यांच्यासाठी: विसरभोळेपणा म्हणजे एडीएचडी नाही. मोठ्या माणसात निदान करताना लक्षणं १२ वर्षं वयाच्या आधीपासून होती का ते पाहतात, घर आणि काम अशा एकाहून जास्त ठिकाणी त्रास आहे का ते पाहतात. थायरॉइड, रक्त कमी असणं, नैराश्य, झोपेचे आजार यांतही असंच वाटू शकतं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, यवतमाळ, अकोला आणि नागपूरच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहेत. जाणं लगेच जमत नसेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

संत्रेवाली_वरूड

माझ्या नवऱ्याला एडीएचडी आहे, मला नाही. तुमच्या बायकोच्या बाजूनं लिहिते.

सगळ्यात जास्त थकवा कामाचा नसतो, आठवण देण्याचा असतो. दिवसातून दहा वेळा "हे केलं का, ते केलं का" म्हणत राहिलं की दोघांच्या बोलण्यात दुसरं काही उरतच नाही. मी एक दिवस त्यांना सांगितलं की तुमची कामं मी करीन एखाद्या वेळी, पण तुमचा अलार्म मी होणार नाही. तेव्हा ते दुखावले पण त्यानंतरच आमचं काहीतरी मार्गी लागलं.

गावात आठवडा सोमवारी सुरू होत नाही, बाजाराच्या दिवशी होतो. म्हणून आम्ही बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जेवण झाल्यावर बसतो, टीव्ही बंद, एक पत्र्याची पेटी आहे त्यात घरातला प्रत्येक कागद येतो, सातबारा, पासबुक, लाइनचं बिल, लग्नपत्रिकासुद्धा. पेटी खाली करायची, ज्याचं काम आहे त्याचा कागद त्याच्या पिशवीत, बाकी परत पेटीत. बाजाराला तालुक्याला जायचंच असतं, मग बँक, मेडिकल, झेरॉक्स तेव्हाच. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज लागत नाही, मुदत हुकली तर लागते, हे पैसे काही थोडे नाहीत. ती तारीख आम्ही पेटीच्या झाकणावर आतून रंगानं लिहून ठेवली आहे, पेटी उघडली की दिसते.

आणि दादा, बायकोला हेही सांगा की सांगायचं कसं. मोटरसायकलला किक मारताना मागून ओरडून सांगितलेलं काम माझ्या नवऱ्याच्या कानात जातं पण राहत नाही. समोर येऊन, एकच काम, आणि त्यांनी ते परत बोलून दाखवायचं. तीन कामं असली तर कागद. यात तुमच्यावर प्रेम कमी आहे असं काही नाही, आणि तुम्ही मुद्दाम करता असंही नाही. हे दोन्ही समजायला आम्हाला बरीच वर्षं लागली, तुम्हाला लवकर समजो.

गाव_दर्यापूर

फक्त एक प्रश्न, अलार्म कोणीच लावत नाही का? मी लावतो पण बंद करून विसरतो.

आशाताई_घाटंजी

लावते ना. पण काम लगेच करता येईल तेव्हाच वाजला पाहिजे. स्वयंपाक करताना "बँकेत जा" वाजला तर बंदच होणार. अन् अलार्मले नाव द्या, नुसती घंटी वाजली की कशाची ते समजत नाही. मी "लसीकरणाची यादी मदतनीसले दे" असं पूर्ण लिहिते. काम होईपर्यंत बंद नाही करायचा, पुढं ढकलायचा.

वावरवाला_आर्णी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कोणी कधी सांगितलं नव्हतं, डॉक्टरकडे तेवढा वेळ नसतो अन् घरी हा विषयच निघत नाही.

सगळं एकदम सुरू नाही करणार, कारण माझं तसंच होते, पहिल्या दिवशी दहा गोष्टी अन् चौथ्या दिवशी एकही नाही. वेचणी सुरू व्हायची आहे तं काट्याले वही आजच बांधली. मोटरच्या पेटीत कागद लावला, त्यावर सध्या दोनच कामं आहेत. खड्यांचं बायकोले सांगितलं तं ती म्हणे मीच ड्रमपाशी उभी राहून मोजते, पण तिनं औषधाजवळ उभं राहावं हे मले नको वाटते, खडेच बरे.

वरूडच्या ताई, तुमचं लिहिलेलं बायकोले वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली, पहिल्यांदाच. आमचा बाजार गुरुवारी असते, या बुधवारी बसणार आहोत.

समुपदेशन ताई, एक विचारायचं राहिलं. रात्रीच्या लाइनच्या आठवड्यात मी पहाटे झोपतो अन् दुपारी उठतो, मंग पहिलं खाणं दुपारी होते. गोळी दुपारी घेतली तर चालते का, का त्यानं पुढची झोप उडते?

समुपदेशन_वर्धा

काही जणांची झोप उडते, काही जणांना उलट गुंगी येते, म्हणून हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. ॲटोमॉक्सेटिन दिवसातून एकदा किंवा विभागून दोनदा, दोन्ही प्रकारे देतात, त्यामुळे त्यांच्याकडे मार्ग आहे. फक्त त्यांना तुमचं लाइनचं वेळापत्रक माहीत नसेल. दोन्ही आठवड्यांत किती वाजता झोपता, उठता आणि खाता ते एका कागदावर लिहून न्या. राहिलेली गोळी भरून काढायला एकदम दोन घेऊ नका. आणि तो कागद आत्ताच लिहून औषधाच्या पिशवीत टाका.

वावरवाला_आर्णी

लिहिला. पिशवीत टाकला.